जुन्या बाजारातला वस्तरा गालावर फिरवण्याआधी

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मिस्टरांना जुने वस्तरे जमवायचा नाद लागला आहे. काही जुन्या बाजारातून उचललेले, काही इंग्लंड-जर्मनीहून ऑनलाइन मागवलेले. वस्तरा घरी आला की डेटॉलच्या बोळ्याने पुसतात, धारेच्या दगडावर चार हात फिरवतात आणि दुसऱ्या दिवशी त्यानेच दाढी करतात. कुणाकुणाच्या तोंडावरून फिरलेलं ते पातं, त्यातून एड्स, कावीळ, धनुर्वात असलं काही होईल का, ही तुमची भीती. त्यात बाथरूममधल्या त्याच फळीवर मुलाचा टूथब्रश असतो. मिस्टरांचं म्हणणं, लोखंडाला कसला आलाय आजार, आजोबा जन्मभर असंच करत आले.

आधी निकाल सांगतो. वस्तरे फेकून द्यायची गरज नाही. पण आज ते ज्या पद्धतीने वापरले जात आहेत ते थांबवायला हवं, आणि ते आजच. तुमची शंका शंभर टक्के रास्त आहे. फक्त तुमचं बोट धारेकडे आहे आणि खरी घाण भलतीकडे आहे.

माझी उभी नोकरी रुग्णालयाच्या निर्जंतुकीकरण विभागात झाली. शस्त्रक्रियेची हत्यारं तिथे येतात, धुतली जातात, तपासली जातात, ऑटोक्लेव्हमधून, म्हणजे दाबाखालच्या वाफेने जंतू मारणाऱ्या यंत्रातून, निघून परत ऑपरेशन थिएटरला जातात. घरचा धंदा न्हाव्याचा, त्यामुळे वडिलांच्या धोकटीतले वस्तरे लहानपणापासून हाताळले. आता निवृत्तीनंतर जुने वस्तरे उघडून, साफ करून, धार लावून देतो. या दोन्ही कामांतून मला एकच गोष्ट ठामपणे सांगता येते. जे उघडून धुता येत नाही ते निर्जंतुक करता येत नाही. औषध कितीही कडक असो, ते मळाच्या थराखाली पोचत नाही. आमच्याकडे नव्या मुलाला पहिल्या दिवशी हेच शिकवतात, की आधी धुणं, मग जंतू मारणं. मिस्टरांनी धुण्याची पायरीच गाळली आहे.

आता एकेक आजार घेऊ, कारण तिन्हींचं वागणं अगदी वेगळं आहे.

एचआयव्हीचं नाव सगळ्यात आधी तोंडावर येतं, पण जुन्या वस्तऱ्याच्या बाबतीत तो सगळ्यात दुबळा. शरीराबाहेर, वाळलेल्या रक्तात तो टिकत नाही. काही तासांतच त्याची लागण करण्याची ताकद ९० ते ९९ टक्क्यांनी उतरते. रुग्णाला टोचलेली, ताजं रक्त असलेली सुई कर्मचाऱ्याच्या हातात घुसली तरी एचआयव्हीची लागण साधारण १००० पैकी ३ वेळा होते. ड्रॉवरमध्ये पडून राहिलेल्या वस्तऱ्यातून तो येण्याची भीती मनातून काढून टाका.

हिपॅटायटिस बी मात्र दणकट. तीच ती रक्तातून पसरणारी कावीळ. वाळलेल्या रक्तात हा विषाणू किमान ७ दिवस जिवंत राहतो, आणि डोळ्यांना दिसणारही नाही इतकं रक्त त्याला पुरतं. लस न घेतलेल्या माणसाला बाधित सुई टोचली तर १०० पैकी ६ ते ३० जणांना लागण होते. एचआयव्हीशी ताडून पाहा म्हणजे फरक लक्षात येईल. हिपॅटायटिस सी खोलीच्या तापमानाला वाळलेल्या डागात प्रयोगशाळेत ६ आठवड्यांपर्यंत टिकलेला आढळला आहे, आणि त्यावर लस नाही. दुसऱ्याचा वस्तरा, ब्लेड, रेझर वापरू नये असं डॉक्टर सांगतात ते मुख्यतः या दोघांमुळे. आपल्याकडे सलूनमध्ये अख्ख्या पात्याचा वस्तरा जाऊन अर्धं ब्लेड अडकवायचा आला, तोही रक्तातून पसरणाऱ्या आजारांच्या भीतीने, आणि तो बदल फार चांगला झाला.

म्हणजे विषाणूंच्या बाबतीत एकच प्रश्न महत्त्वाचा, शेवटची दाढी कधी झाली? इंग्लंडातल्या शेफिल्डच्या, वस्तऱ्यांच्या त्या नामांकित गावाच्या, एखाद्या घरात माळ्यावर पन्नास वर्षं पडून असलेल्या वस्तऱ्यावर यांतला एकही विषाणू शिल्लक नसणार. पण जुन्या बाजारात गाठोडं सोडून बसलेला माणूस माल कुठून आणतो हे त्यालाही नीट सांगता येत नाही. पात्याच्या मानेवर ‘जर्मनी’ असा शिक्का असेल तर वस्तरा बहुधा १८९१ नंतरचा, कारण त्या सुमारास अमेरिकेने आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं. शिक्क्यावरून जन्म कळतो, शेवटचा वापर कळत नाही. १९०० सालचं पातं गेल्या महिन्यापर्यंत कुणाच्या तरी रोजच्या वापरात असू शकतं. म्हणून माझा शिरस्ता असा, की कुठूनही आलेला वस्तरा पिशवीत घालून, तारीख लिहून, दोन महिने बाजूला. याला पैसा लागत नाही, मेहनत लागत नाही, आणि तिन्ही विषाणूंचा काळ उलटून जातो. नाद असलेल्या माणसाला थांबणं जड जातं हे मला ठाऊक आहे. तरी थांबावं.

धनुर्वाताचं गणित उलटं आहे. तिथे वस्तू जितकी जुनी आणि मळकी तितका संशय जास्त. हे जंतू मातीत, शेणखतात बीजाणूच्या, म्हणजे टणक कवचात झोपलेल्या जंतूच्या, रूपात वर्षानुवर्षं राहतात. स्पिरिटने ते मरत नाहीत, डेटॉलने मरत नाहीत, साध्या उकळण्यानेही मरतील याची खात्री नाही. गंजाने धनुर्वात होतो हा मात्र गैरसमज आहे. गंज म्हणजे लोखंडाचं ऑक्साइड, त्यात स्वतःचं असं विष नाही. गंजलेली वस्तू बहुधा मातीत पडलेली असते आणि तिचा खडबडीतपणा माती धरून ठेवतो, एवढाच त्यांचा संबंध. शिवाय या जंतूंना वाढायला हवा नसलेली खोल जखम लागते. दाढीचा काप उथळ, उघडा आणि रक्त वाहून जाणारा असतो, त्यामुळे धोका थोडा. थोडा म्हणजे शून्य नव्हे. यावरचा उपाय वस्तऱ्यावर नसून दंडावर आहे. दर १० वर्षांनी टीडीचं, म्हणजे धनुर्वात-घटसर्पाच्या लसीचं, इंजेक्शन. मिस्टरांनी शेवटचं कधी घेतलं ते आठवत नसेल तर उद्याच घ्यावं.

इथे एक जुनी हकिगत सांगतो. अमेरिकेतले लेखक हेन्री डेव्हिड थोरो यांचा थोरला भाऊ जॉन १८४२च्या १ जानेवारीला वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर फिरवत असताना बोटाला कापून घेऊन बसला. ११ जानेवारीला धनुर्वाताने गेला. इजिप्तचा प्राचीन राजा तूतनखामेनच्या थडग्याच्या उत्खननाला पैसा पुरवणारे लॉर्ड कार्नार्व्हन १९२३च्या एप्रिलमध्ये कैरोत वारले. गालावर डास चावलेली जागा दाढी करताना कापली गेली, ती चिघळली, रक्तात विष पसरलं, पुढे न्यूमोनिया झाला. दोघंही काही परक्याच्या वस्तऱ्याने मेले नाहीत. लस नव्हती, प्रतिजैविकं नव्हती आणि कातडी फाटली, म्हणून मेले. ही गोष्ट मी मिस्टरांसाठीही लिहितोय. ‘आजोबांना काही झालं नाही’ असं म्हणताना ज्यांना काही झालं त्यांची नातवंडं बोलायला नसतात.

प्रत्यक्षात माझ्याकडे वस्तऱ्याच्या निमित्ताने येणाऱ्यांच्या तक्रारी या मोठ्या आजारांच्या नसतातच. दाढीच्या जागी पुळ्या, नायटा, चामखीळ, या त्या तक्रारी. पुळ्या बहुतेक वेळा स्वतःच्याच नाकातल्या-कातडीवरच्या जंतूंमुळे होतात, वस्तरा नवा असो की जुना. चामखीळही तशीच. गालावर एक असली आणि तिच्यावरून पातं फिरत राहिलं, की त्या रेषेत आणखी उगवतात. नायट्याचं मात्र जास्त लक्ष ठेवा. आपल्याकडे गेल्या काही वर्षांत तो फार चिवट झालाय. स्टेरॉइड मिसळलेली मलमं दुकानातून परस्पर आणून लावण्याने त्याला बळच मिळालं. त्याची बुरशी गळलेल्या केसांत आणि कोंड्यात महिनोन् महिने टिकते. आणि केस व कोंडा जुन्या वस्तऱ्यात कुठे साठतो? रिव्हेटपाशी. इथून पुढे खरं काम सुरू होतं.

वस्तरा हातात घेऊन उघडा आणि जिथे पातं फिरतं त्या खिळ्याकडे भिंग लावून बघा. मुठीच्या दोन बाजूंच्या मध्ये, पात्याच्या मानेला लागून, काळपट चिकट थर दिसेल. मी रिव्हेट काढतो तेव्हा त्या जागेतून काय निघतं ते सांगतो. जुनं तेल घट्ट होऊन झालेला डांबरासारखा मळ, त्यात वाळलेला साबण, गंजाची भुकटी आणि बारीक चिरलेले केस. काळे, पांढरे, कधी तांबूस. वस्तरा बाहेरून आरशासारखा चमकत असला तरी हे निघतंच. बाजारात चकचकीत करून विकणारे पातं बफवर धरतात, रिव्हेटला हात लावत नाहीत. तीच गोष्ट मुठीच्या शेपटाकडच्या पाचरीची आणि मानेवर अंगठा टेकायला केलेल्या खाचांची. डेटॉलचा बोळा यातल्या कशालाही शिवत नाही.

म्हणून पहिली पायरी, रिव्हेट काढणं. डोकं बारीक कानशीने घासून सपाट करायचं, वॉशर निघाला की पातळ पंचने खिळा हळूच पलीकडे ठोकायचा. जोर लावला तर मूठ तडकते, त्यात शिंगाची असेल तर हमखास. परत जोडायला १.६ मिलिमीटरची पितळी तार लागते आणि हलक्या हातोडीने दोन्हीकडून डोकं बसवावं लागतं. ते जमेपर्यंत त्याच मापाचा बारीक स्क्रू आणि नट लावा. दिसायला तितकं देखणं नाही, पण हवा तेव्हा उघडून परत धुता येतो, आणि मला विचाराल तर रोजच्या वापराच्या वस्तऱ्याला तेच बरं.

पातं सुटं झालं की कोमट पाणी, भांड्याचा साबण आणि जुना टूथब्रश. मग गंजाच्या प्रमाणात वॉटर पेपर, ४०० नंबरपासून चढत २००० पर्यंत, तोही ओला करूनच. पातं सपाट लाकडावर चिकटपट्टीने नीट बसवून घासावं. हातात धरून घासताना लोक बोटं कापून घेतात, आणि तो काप दाढीच्या कापापेक्षा कितीतरी वाईट. पोलादाचा वरचा थरच यात निघून जातो, त्याच्यासोबत त्यावरचं सगळं जातं.

मुठीचं काय करायचं हे ती कशाची आहे त्यावर ठरतं. शिंग, हाड, लाकूड यांना साबणाचा ओला फडका, लगेच कोरडं पुसणं, मग स्पिरिटचा हलका हात. भिजत घातली की वाकडी होतात. सेल्युलॉइडची, म्हणजे त्या जुन्या काळच्या प्लॅस्टिकची, मात्र मला खरोखर धास्ती वाटते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या असंख्य जर्मन आणि अमेरिकन वस्तऱ्यांच्या रंगीत, हस्तिदंतासारख्या दिसणाऱ्या मुठी त्याच्या आहेत. गरम पाण्यात ते मऊ पडतं, अ‍ॅसिटोनने विरघळतं आणि आगीला फार लवकर भडकतं. जुनं झालं की आतून कुजतं आणि त्यातून आम्लाची वाफ सुटते. कापराचा वास येतोय, मुठीला बारीक भेगा आहेत आणि पातं नेमकं मुठीत झाकल्या भागातच गंजलंय, असं दिसलं तर मूठ फेकून नवी लावा. असा वस्तरा दुसऱ्या वस्तऱ्यांसोबत एका डब्यात ठेवू नका, बाकीचेही गंजतात. गॅस-गीझरच्या आसपास तर नकोच. खरं हस्तिदंत निघालं तर वेगळीच भानगड; १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आपल्याकडे त्याची खरेदी-विक्री गुन्हा आहे, त्यामुळे घेण्याआधीच विचारा.

आणखी एक, मुलगा लहान आहे म्हणून मुद्दाम. जुन्या शेफिल्डच्या वस्तऱ्यांतली ती शेपटाकडची पाचर पुष्कळदा शिशाची असते. शिसं मुलांना फार अपायकारक. म्हणून घासकाम गॅलरीत, वर्तमानपत्र अंथरून, मास्क लावून, ओल्यानेच. कागद गुंडाळून कचऱ्यात, हात साबणाने धुऊन मगच घरात. स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये हे काम अजिबात नको. जंतूंसाठी तुम्ही घाबरत होतात, पण लहान मूल असलेल्या घरात मी शिशाला आधी घाबरेन.

आता जंतू मारणं. इथे लोक नाना प्रकार करतात, त्यातले बरेच पातं वाया घालवणारे.

गॅसच्या किंवा स्पिरिटच्या ज्योतीवर पातं धरणं बंद. वस्तऱ्याची धार कागदाहून पातळ, ती काही सेकंदांत तापते. पिवळसर, मग जांभळी-निळी झाक आली की पोलादाचं पाणी, म्हणजे त्याचा कडकपणा, उतरलं. त्यावर परत धार टिकत नाही. ओव्हनही नको. जुन्या वस्तऱ्याचं पोलाद साधारण १५० ते २०० अंश सेल्सिअसला तापवून चिवट (टेंपर) केलेलं असतं आणि कोरड्या उष्णतेने निर्जंतुक करायला १६० अंशांना दोन तास लागतात, म्हणजे मऊ पडण्याच्या उंबरठ्यावरच. ब्लीचिंगचं पाणी विषाणूंना उत्तम मारतं, पण कार्बन पोलादाला बघता बघता खड्डे पाडतं. हायड्रोजन पेरॉक्साइडही खातं. सलूनमधल्या निळ्या दिव्याच्या (अतिनील किरणांच्या) पेटीवर माझा विश्वास नाही. त्या किरणांना सावलीच्या आत जाता येत नाही. तुरटी रक्त थांबवते, तिच्याकडून यापुढची अपेक्षा ठेवू नये. आणि डेटॉल कातडीसाठी, फरशीसाठी ठीक. रक्त लागलेल्या धारदार हत्याराचं निर्जंतुकीकरण पाण्यात थोडंसं डेटॉल घालून होत नाही.

घरच्यासाठी मी उकळणं सुचवतो, मूठ काढलेल्या सुट्या पात्याचं. १ लिटर पाण्यात २० ग्रॅम धुण्याचा सोडा. खायचा सोडा नव्हे, किराणा दुकानात मिळतो तो कपड्यांचा सोडा. पाणी खळखळून उकळलं की पातं तारेला अडकवून पूर्ण बुडवायचं, धार भांड्याला लागणार नाही असं, आणि तिथून २० मिनिटं. हे काही माझं डोकं नाही. जागोजागी ऑटोक्लेव्ह नव्हते त्या काळात शस्त्रक्रियेची हत्यारं अशीच सोड्याच्या पाण्यात उकळत. सोड्याने गंज धरत नाही आणि उरलासुरला तेलकटपणाही सुटतो. १०० अंशांनी पोलादाच्या पाण्याला काही होत नाही. हिपॅटायटिसचे विषाणू, एचआयव्ही, बुरशी, पुळ्यांचे जंतू यात मरतात. उरतात ते बीजाणू, आणि त्यांच्यासाठी वर सांगितलेलं इंजेक्शन.

बीजाणूंचाही नायनाट करायचाच असेल तर ऑटोक्लेव्ह, १२१ अंशांना १५ पौंड दाबाखाली २० मिनिटं. ओळखीच्या दंतवैद्यांकडे छोटा ऑटोक्लेव्ह असतो, विनंती केली तर ते लावून देतात. स्वयंपाकाचा प्रेशर कुकरही त्याच दाबाच्या आसपास चालतो, पण त्यासाठी जुना, वेगळा कुकर ठेवा. वाफेने सगळं मरत असलं तरी घरातल्या एका माणसाला किळस वाटते, हे कारण मला पुरेसं वाटतं. दोन्हीकडे एक गोष्ट पाळा. आधी तेल लावून पातं आत ठेवू नका, कारण तेलाच्या थराखाली वाफ पोचत नाही. तेल बाहेर काढल्यावर.

बाहेर काढलं की लगेच कोरडं पुसून हेअर ड्रायरची हवा, मग ७० टक्के स्पिरिटचा हात. स्पिरिट कडक म्हणजे चांगलं असं समजून शंभर टक्क्यांचं आणू नका, पाण्याचा अंश असल्याशिवाय ते नीट काम करत नाही. ते उडून गेलं की शिलाई मशीनचं तेल किंवा औषधाच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन, अगदी पातळ. खोबरेल लावू नका, ते चिकटतं.

मग धार. नवी बगल (धारेचा दोन्हीकडचा उतार) धरायला १००० नंबरचा दगड, पुढे चढत ८००० किंवा १२०००, शेवटी चामड्याचा पट्टा. यात धारेवरचं जुनं पोलाद घासून निघून जातं. शेवटी कातडीला लागते ती कडा त्या दिवशी प्रथमच उघडी पडलेली असते, पूर्वीच्या मालकाचा केस तिला कधी लागलेला नसतो. ताई, ‘कुणाच्या तोंडावरून फिरलेली धार’ हे तुमच्या मनात बसलेलं चित्र आहे, ते या एका गोष्टीने पुसलं जावं असं मला वाटतं. क्रम तेवढा सांभाळा. दगडाला पातं लावायचं ते उकळून झाल्यावरच, नाहीतर घाण दगडावर जाते. दगडांची किंमत बघता मिस्टरांना हे पटायला वेळ लागणार नाही.

काही वस्तरे मात्र कितीही साफ केले तरी दाढीचे नाहीत. धारेपासून दोन-तीन मिलिमीटरच्या आत काळे खड्डे असतील तर ते आत किती खोल गेलेत हे वरून कळत नाही, आणि धार लावत गेलं की कडा तिथेच तुटते. तुटलेली कडा कातडी कापत नाही, फाडते. अंगठ्याच्या नखावरून पातं अलगद ओढून बघा, केसाएवढी भेग असेल तर तिथे नख अडकतं. असे वस्तरे कपाटात शोभेला ठेवा.

वस्तऱ्यापेक्षा ज्यांची मला जास्त काळजी वाटते त्या दोन वस्तू तुम्ही विचारल्याच नाहीत, जुना पट्टा आणि जुना ब्रश. बाजारात पुष्कळदा तिन्ही एकत्र विकतात. चामडं सच्छिद्र असतं. त्यावर वर्षानुवर्षं पुसलं गेलेलं रक्त-साबण-तेल आत मुरलेलं असतं, ते धुता येत नाही, उकळता येत नाही. वडिलांच्या धोकटीतली चामोटी मी भिंतीला टांगली आहे, तिच्यावर वस्तरा लावत नाही. पट्टा नवाच घ्या. ब्रशचंही तसंच. पहिल्या महायुद्धाच्या काळात घोड्याच्या स्वस्त केसांपासून केलेल्या दाढीच्या ब्रशांमुळे इंग्लंड-अमेरिकेत सैनिकांना आणि सामान्य लोकांना चेहऱ्यावर अँथ्रॅक्स (काळपुळी) झाला. केस नीट निर्जंतुक केलेले नव्हते. शेवटी १९२०मध्ये ब्रिटनने जपानहून येणाऱ्या दाढीच्या ब्रशांवर बंदी घातली. ते ब्रश नवे कोरे होते, हे लक्षात घ्या. त्या काळातला ब्रश हाती लागला तर केस काढून टाका, आवडली असेल तर मूठ ठेवा आणि तिच्यात नव्या केसांचा झुपका बसवून घ्या.

घरातली शिस्त फार नाही. साफ झालेला वस्तरा एकाच माणसाचा; भाऊ आला, मेहुणा आला म्हणून उसना द्यायचा नाही, आपल्या घरात हे प्रेमापोटी फार चालतं. मुलाचा टूथब्रश त्या फळीवरून आजच हलवा, आणि वस्तरे कुलूपबंद कपाटात, बाथरूमच्या ओलाव्यात नकोतच. दाढी करताना कापलं तर वस्तरा धुऊन, स्पिरिटने पुसून मगच पट्ट्यावर घ्यायचा. चेहऱ्यावर पुळी, नायटा असेल तितके दिवस दाढी बंद. मधुमेह असेल किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, तर खुला वस्तरा वापरण्याआधी डॉक्टरांना विचारा.

आतापर्यंत त्यांनी जशा दाढ्या केल्या त्याचं काय, हा प्रश्न उरतो. घाबरून जायचं कारण नाही, पण एकदा रक्त तपासून घ्या. हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी आणि एचआयव्ही, तिन्ही एकदम होतात. बी नसेल तर त्याची लस टोचून घ्यावी, ० - १ - ६ महिने अशा तीन डोसांत. सरकारी लसीकरणात ही लस देशभर पोचायला २०११ उजाडलं, त्यामुळे आज तिशी-चाळिशीत असलेल्या बहुतेकांना लहानपणी ती मिळालेली नाही. तुम्हीही घ्या. लस झाल्यावर महिना-दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस, म्हणजे लसीने आलेली प्रतिकारशक्ती मोजणारी, तपासणी करून आकडा १०च्या वर आहे ना ते बघून घ्या. सी निघालाच तर आता त्यावर गोळ्यांचा उपचार आहे आणि तो बहुतेकांना पूर्ण बरा करतो.

तोवर मिस्टरांनी अर्धं ब्लेड अडकवायचा वस्तरा वापरावा. हाताची सवय मोडत नाही आणि ब्लेड दर वेळी नवं. पिशवीत दोन महिने काढलेल्या वस्तऱ्यांतून उघडायला पहिला घ्यावा तो सगळ्यात स्वस्त आणि सेल्युलॉइडची मूठ नसलेला. रॉजर्स किंवा वेड अँड बुचर या शेफिल्डच्या नामांकित कंपन्यांचं एखादं जुनं पातं हाती लागलं असेल तर ते शेवटी, चार रिव्हेट नीट काढून-बसवून झाल्यावर. आणि पहिला वस्तरा उघडला की आतून काय निघतं ते तुम्ही दोघांनी शेजारी बसून भिंगातून बघा. त्यानंतर धुण्याच्या पायरीवरून वाद होणार नाही.